उपकाराच्या बाकावरचं मूल

शाळेत एखाद्या मुलाचा छळ होतो तेव्हा आपली नजर दोघांवर जाते. एक छळणारा, दुसरा सोसणारा. एकाला दटावायचं, दुसऱ्याला धीर द्यायचा आणि तास पुढे सुरू करायचा, अशी आपली रीत. ज्यांचे स्नायू किंवा त्या स्नायूंना चालवणाऱ्या नसा वर्षागणिक दुबळ्या होत जातात, अशा मुलांच्या बाबतीत ही रीत कुचकामी ठरते. तिसऱ्याकडे तिचं लक्षच नसतं आणि तो तिसरा म्हणजे आपण मोठी माणसं. या मुलांना चिडवणारी, ढकलणारी, वाळीत टाकणारी पोरं वर्गातलीच असतात हे खरं. पण त्यांचं फावतं, कारण या मुलाची शाळेतली जागा मोठ्यांनी आधीच कच्ची करून ठेवलेली असते. बाकीच्यांचा प्रवेश हा प्रवेश असतो, याचा प्रवेश ही मेहेरबानी असते. शिपाईमामांपासून मुख्याध्यापकांपर्यंत सगळ्यांना ते ठाऊक असतं, आणि मुलांच्या ते फार लवकर लक्षात येतं. उपकाराच्या बाकावर बसलेलं मूल तक्रार करू शकत नाही, आणि जे तक्रार करू शकत नाही त्याला छळणं सोपं असतं. माझं म्हणणं एवढंच आहे. पण ते पटायचं तर ही मुलं रोज कशातून जातात ते आधी जवळून पाहायला हवं.

या आजारांची यादी मोठी आहे. त्यातला जास्त ऐकिवात असलेला म्हणजे ड्यूशेन मस्क्युलर डिस्ट्रॉफी. साधारण साडेतीन ते पाच हजार मुलग्यांमागे एकाला तो होतो. एकोणिसाव्या शतकात ड्यूशेन या फ्रेंच डॉक्टरांनी त्याचं सविस्तर वर्णन केलं. स्नायूंना धरून ठेवणारं डिस्ट्रॉफिन हे प्रथिन या मुलांच्या शरीरात तयार होत नाही, हे कळायला १९८७ साल उजाडलं. मूल दोन-पाच वर्षांचं असताना वारंवार पडू लागतं, चवड्यांवर चालतं, जिना चढताना कठडा धरतं. दहा-बारा वर्षांच्या आसपास चालणं थांबतं आणि व्हीलचेअर येते. पुढे हात, मग श्वास आणि हृदय. स्पायनल मस्क्युलर अॅट्रॉफी म्हणजे एसएमए, पावलांचा आकार बदलवणारा शार्को-मारी-टूथ, दिवस चढेल तशी ताकद ओसरवणारा मायस्थेनिया ग्रेव्हिस, हे आजार मुलींनाही होतात. ड्यूशेनच्या काही मुलांना लिहिण्यावाचण्यात अडचणी येतात, पण या आजारांतल्या बहुतेक मुलांची समज वयाप्रमाणेच असते. आपल्याबद्दल काय बोललं जातंय आणि ते कोण बोलतंय, हे त्यांना पुरतं कळतं.

अपंगत्व असलेल्या इतर अनेक मुलांपेक्षा यांची गोष्ट एका बाबतीत वेगळी आहे. जन्मतः दिसत नसलेल्या मुलाची वर्गाला एकदा सवय झाली की झाली. इथे तसं होत नाही. दर जूनमध्ये तेच मूल थोड्या वेगळ्या शरीरात वर्गात येतं. दुसरीत ते लगोरीच्या डावात असतं, सारखं बाद होतं, पण असतं. तिसरीत त्याला लिंबूटिंबू करतात. म्हणजे खेळायचं, पण त्याचं बाद होणंही मोजायचं नाही आणि त्याचा गुणही धरायचा नाही. चौथीत ते इतरांच्या चपला आणि पाण्याच्या बाटल्या राखतं. पाचवीत मधल्या सुट्टीत वर्गातच बसून राहतं. या पायऱ्या त्याच्या आजाराने ठरवलेल्या नाहीत. आजाराने फक्त त्याचं पळणं काढून घेतलं; डाव कसा मांडायचा आणि त्यात कोणाला जागा द्यायची, हे माणसांनी ठरवलं. दर वर्षी शरीर काहीतरी गमावतं आणि त्याच वर्षी एक टोपणनाव नव्याने चिकटतं. आधी ‘बदक’, मग ‘फेंगड्या’, मग ‘म्हातारा’. जे हरवलं त्याचं दुःख करायलाही या मुलाला सवड मिळत नाही, कारण नवं नाव तयारच असतं.

आता या नावांचा उगम शोधू. निदान व्हायला या आजारांत बराच वेळ जातो. तोवर मूल ‘आजारी’ नसतं, ते ‘आळशी’ असतं. ड्यूशेनच्या मुलाच्या पोटऱ्या जाडजूड दिसतात, कारण झिजलेल्या स्नायूची जागा चरबी आणि तंतू घेतात. पीटीच्या सरांना त्या पैलवानाच्या पोटऱ्या वाटतात आणि ते सगळ्या वर्गादेखत विचारतात, “एवढ्या पोटऱ्या कशाला कमावल्यास रे?” मायस्थेनिया असलेली मुलगी सकाळच्या प्रार्थनेला ताजीतवानी असते आणि दुपारी तिच्या पापण्या मिटू लागतात, शब्द जड होतात. बाई म्हणतात, “सकाळी तर बरी होतीस. नाटकं पुरे.” घरीही वेगळं नसतं. मोठा भाऊ पायऱ्यांवर मागे वळून ओरडतो, आजी म्हणते लाडाने बिघडवलंय. यातल्या कोणाच्याच मनात दुष्टपणा नसतो. पण अविश्वासाचा पहिला धडा मुलं इथे गिरवतात. सरांनी वर्गात एकदा वापरलेला शब्द मधल्या सुट्टीत तीस तोंडांतून फिरतो. महिन्यांनी किंवा वर्षांनी निदान होतं, सरांना वाईट वाटतं, ते तो शब्द सोडून देतात. मुलं सोडत नाहीत.

जिल्हा परिषदेच्या अनेक शाळांत मुलं सतरंजीवर बसतात. ड्यूशेनच्या मुलाला जमिनीवरून उठताना काय करावं लागतं ते पाहा. आधी तो पालथा होतो, मग हात आणि पाय टेकून चौपायासारखा उभा राहतो, मग एक हात गुडघ्यावर, दुसरा मांडीवर ठेवत स्वतःच्याच अंगावर चढल्यासारखा वर येतो. गॉवर्स या इंग्रज डॉक्टरांनी १८७९ मध्ये हे लक्षण बारकाईने नोंदवलं, म्हणून त्याला त्यांचं नाव आहे. आजार कुठवर आला हे कळावं म्हणून दवाखान्यात या उठण्याचे सेकंद मोजतात. आता हेच वर्गात घडताना डोळ्यांपुढे आणा. राष्ट्रगीतासाठी सगळे उठले आहेत, एक जण अजून गुडघ्यावर हात ठेवून धडपडतो आहे आणि मागच्या रांगेतून आकडे ऐकू येताहेत : एक, दोन, तीन, चार. डॉक्टर आणि वर्ग दोघेही तेच सेकंद मोजतात. डॉक्टर मोजतात ते मुलाच्या भल्यासाठी. वर्ग मोजतो, कारण हे मोजणं थांबवायला कोणी सांगितलेलं नसतं.

औषधाचीही या छळात भर पडते. ड्यूशेनमध्ये प्रेड्निसोलोन किंवा डेफ्लाझाकॉर्टसारखी स्टिरॉइडं दिली जातात. त्यांनी चालणं थांबायचं काही काळ लांबतं, फुप्फुसांची ताकद अधिक दिवस टिकते. पण चेहरा सुजल्यासारखा गोल होतो, वजन वाढतं, उंची खुंटते, वयात येणं लांबतं. आठवीच्या वर्गात मिसरूड फुटलेल्या मुलांमध्ये हा चौथीतला वाटतो. जी गोळी त्याला पायांवर उभं ठेवते तीच त्याच्या टिंगलीला विषय पुरवते, आणि काही मुलं तेवढ्यासाठी गोळी चुकवतात. याहून गंभीर गोष्ट हाडांची. स्टिरॉइड आणि कमी हालचाल यांनी हाडं ठिसूळ होतात. इतर मुलाला मागून दिलेला धक्का म्हणजे खरचटलेला गुडघा. या मुलासाठी तोच धक्का म्हणजे मांडीचं हाड मोडणं, काही आठवडे अंथरूण, आणि त्यानंतर बरेचदा कायमचं थांबलेलं चालणं. ढकलणाऱ्याने गंमत केली असेल. पण ज्याला पडताना हात पुढे करून सावरता येत नाही, मार चुकवायला पळता येत नाही, पडल्यावर एकट्याने उठता येत नाही, त्याच्याशी केलेली गंमत ढकलणाऱ्याच्या हेतूवरून जोखता येत नाही. ती तिच्या परिणामावरूनच जोखावी लागते.

व्हीलचेअर आल्यावर छळाचं रूप बदलतं आणि ते मोठ्यांना दिसेनासं होतं. खुर्चीचा ब्रेक लावून निघून जायचं. खुर्ची भिंतीकडे तोंड करून उभी करायची. दप्तर हात पोहोचणार नाही इतकं लांब ठेवायचं. पट्टी खाली पडली तर “आधी प्लीज म्हण, मोठ्याने म्हण” अशी अट घालायची. हात खांद्याच्या वर जात नाहीत अशा मुलाच्या डोक्यावर टोपी तिरकी घालून हसायचं. यातल्या कशाचाही वळ उठत नाही. संडास-बाथरूमला नेण्यासाठी ज्याच्यावर अवलंबून राहावं लागतं तोच टवाळ असला, तर मूल सकाळपासून पाणी पिणं सोडतं. शाळा सुटेपर्यंत तहान आणि लघवी दोन्ही दाबून बसणारी मुलं आहेत, आणि त्यांच्या प्रगतिपुस्तकावर ‘शांत, समंजस’ असा शेरा असतो. मग सहल येते, तिच्या बसला तीन उंच पायऱ्या असतात. स्नेहसंमेलन येतं, त्याचा रंगमंच उंच असतो. वर्गाच्या फोटोत हे मूल कडेला, अर्धं कापलेलं. पुढे मोबाइल हातात येतो. पडल्याचा व्हिडिओ गटात फिरतो. कोणीतरी आजाराचं नाव शोधून काढतं, आणि आईबापांनी इतकी वर्षं उंबऱ्याच्या आत जपून ठेवलेलं वाक्य, “तू लवकर मरणार आहेस म्हणे”, हे बारा वर्षांच्या मुलाला मधल्या सुट्टीत ऐकायला मिळतं.

एवढं सांगितल्यावरही एक उत्तर हमखास येतं : “मुलं आहेत, चिडवणारच. आम्हालाही चिडवलं. त्यातूनच माणूस कणखर होतो.” हे उत्तर देणारे वाईट नसतात. आपलं बालपण आठवून ते बोलतात. पण त्यांची गल्लत होते. नॉर्वेत काम केलेले मानसशास्त्रज्ञ डॅन ओल्व्हेउस यांनी १९७० च्या दशकापासून शाळांतल्या छळाचा पद्धतशीर अभ्यास केला आणि साधं भांडण व छळ यांच्यात फरक करणाऱ्या तीन खुणा सांगितल्या. इजा करण्याचा हेतू, पुन्हा पुन्हा घडणं, आणि दोघांच्या ताकदीतली तफावत. ज्या चिडवण्याने आपण कणखर झालो म्हणतो, त्यात आपल्याला परत चिडवता येत होतं, पळता येत होतं, दोन वर्षांनी अंगात बळ येणार होतं. या मुलाची तफावत दर वर्षी वाढत जाते आणि ती वाढणार हे त्यालाही माहीत असतं, समोरच्यालाही. त्याला कणखर व्हायला सांगणं म्हणजे सगळं ओझं त्याच्याच खांद्यावर टाकून मोकळं होणं आहे.

आणि ही तफावत केवळ स्नायूंची असती तर निदान शब्दांनी तरी तिला उत्तर देता आलं असतं. मूल सरांना सांगू शकलं असतं. इथे मी सुरुवातीला मांडलेल्या मुद्द्यावर येतो. प्रवेशाच्या दिवशी काय होतं ते आठवा. “आमच्याकडे लिफ्ट नाही. सहावीचे वर्ग वरच्या मजल्यावर आहेत. पडला-झडला तर जबाबदारी आमची नाही, तसं लिहून द्या. बाकी तुमची इच्छा.” आईवडील लिहून देतात, हात जोडतात, आभार मानतात. आई रोज डब्यासोबत स्वतःही शाळेत येते आणि दिवसभर व्हरांड्यात बसते. बाबांनी शाळेजवळ खोली घेतली आहे, कामाची वेळ बदलली आहे. मूल हे सगळं पाहत असतं. आपण इथे किती खटाटोपाने टिकलो आहोत, हे त्याच्याइतकं कोणालाच ठाऊक नसतं. तक्रार केली तर काय होईल याचा अंदाजही त्याला असतो : “आम्ही आधीच म्हटलं होतं, याला विशेष शाळेत घाला.” म्हणजे छळणारा वर्गात राहणार आणि आपण बाहेर जाणार. मग कपाळाला आलेल्या टेंगळाबद्दल आईने विचारलं की ते म्हणतं, “काही नाही गं, पडलो.” वारंवार पडणाऱ्या मुलाचं हे उत्तर खरं वाटतं. त्यामुळे त्याचं खोटं पकडलंही जात नाही.

छळणाऱ्या मुलांना हे गणित कोणी शिकवलेलं नसतं, तरी ती ते अचूक सोडवतात. कोणाला हात लावला की घरून वडील येतील आणि कोणाला लावला तर कोणीच येणार नाही, हे मुलं बरोबर ओळखतात. ज्याचे आईवडील शाळेसमोर नेहमी वाकलेले दिसतात, त्याच्यासाठी भांडायला कोणी येणार नाही, एवढं त्यांना उमगतं. दया हीदेखील याच व्यवस्थेचा भाग आहे. बाई वर्गाला सांगतात, “देवाने तुम्हाला धडधाकट शरीर दिलंय, याच्याकडे बघा आणि अभ्यास करा.” बाईंच्या मनात माया असते. पण त्या एका वाक्याने ते मूल वर्गमित्र राहत नाही, ते इतरांना दाखवायचं उदाहरण होतं. ज्याच्यापेक्षा आपण वरचे आहोत असं खुद्द बाईंनी सांगितलं, त्याला बरोबरीने वागवायचं हे मुलांना कुठून सुचावं? काही मुलं बाईंचं ऐकून त्याच्यासाठी हळहळतात, काही त्याला टपली मारतात. त्याला लपंडावात राज्य मात्र यातलं कोणीच देत नाही.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे : इतका त्रास असेल तर अशा मुलांची वेगळी शाळाच बरी नाही का? मुलाला छळातून सोडवण्यासाठी शाळा बदलणाऱ्या किंवा घरी शिकवणाऱ्या पालकांना मी दोष देणार नाही. जळत्या घरातून मुलाला बाहेर काढणाऱ्याला नियम शिकवू नयेत. पण एका कुटुंबाची सुटका हे धोरण होऊ शकत नाही. बहुतेक तालुक्यांत अशी शाळा नाही. असली तरी ती कधीतरी संपते आणि पुढे तेच जग भेटतं, ज्याने अशा मुलाबरोबर कधी डबा खाल्लेला नाही. कमरेखालचं अंग लुळं पडल्याने वयाच्या सोळाव्या वर्षी व्हीलचेअरवर आलेल्या नसीमा हुरजूक यांनी १९८४ मध्ये कोल्हापुरात ‘हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड’ ही संस्था उभी केली. ‘चाकाची खुर्ची’ हे त्यांचं आत्मकथन मराठी वाचकांना परिचित आहे. अपंगांनी चार भिंतींबाहेर येऊन सर्वांमध्ये शिकावं आणि काम करावं यासाठी त्यांनी आयुष्य वेचलं. ही दिशा आपल्याच मातीतली आहे, ती कुठून उसनी आणायची गरज नाही.

शिवाय कायद्याने हा वाद कधीच निकालात काढला आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये मस्क्युलर डिस्ट्रॉफीचं नाव स्पष्ट आहे. कलम १६ म्हणतं की सरकारी अनुदान घेणाऱ्या किंवा मान्यता असलेल्या शाळांनी अशा मुलांना भेदभाव न करता प्रवेश द्यावा, इमारत व परिसर त्यांना वापरता येईल असा ठेवावा आणि गरजेनुसार योग्य त्या सोयी द्याव्यात. कलम ३१ ठरावीक प्रमाणाइतकं किंवा त्याहून अधिक अपंगत्व असलेल्या मुलांना ६ ते १८ वर्षं वयात मोफत शिक्षणाचा हक्क देतं. कलम ९२ नुसार अपंग व्यक्तीचा लोकांदेखत जाणूनबुजून अपमान करणं हा सहा महिने ते पाच वर्षं कैदेचा गुन्हा आहे. महाराष्ट्राचा रॅगिंगविरोधी कायदा १९९९ चा आहे. विद्यार्थ्याला चिडवणं, त्याची क्रूर थट्टा करणं, त्याला लाज वाटेल असं वागणं हे सारं त्यात बसतं, तक्रारीनंतर संस्थाप्रमुखाने सात दिवसांत चौकशी करायची असते. सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२४ मध्ये निपुण मल्होत्रा यांच्या याचिकेवर निकाल देताना अपंगत्व समजावून देणारा विनोद आणि अपंगांना खाली पाडणारा विनोद यांत फरक केला. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये मस्क्युलर डिस्ट्रॉफी असलेल्या एका विद्यार्थ्याच्या वैद्यकीय प्रवेशाच्या प्रकरणात, केवळ अपंगत्वाच्या टक्केवारीवर बोट ठेवून दार बंद करता येणार नाही, तो प्रत्यक्षात काय करू शकतो ते तपासा, असं न्यायालयाने बजावलं.

एवढं सगळं असून वर्गात फरक का पडत नाही? कारण यातलं बहुतेक तक्रार झाल्यावर हलतं, आणि तक्रार कशी अडते ते आपण पाहिलं. शाळांमध्ये तक्रारपेटी असते. ती बहुधा मुख्याध्यापकांच्या खोलीबाहेर, भिंतीवर, मोठ्यांच्या छातीइतक्या उंचीवर. ज्याचे हात खांद्याच्या वर जात नाहीत आणि ज्याची खुर्ची तिथवर दुसऱ्याने ढकलत न्यावी लागते, त्याला चिठ्ठी टाकायलाही कोणाची तरी मदत मागावी लागेल. ती कोणाची? कलम ९२ चंही तसंच. बारा वर्षांच्या टवाळ पोराला तुरुंगात धाडावं असं मला वाटत नाही, या मुलांच्या आईवडिलांपैकीही फार थोड्यांना वाटत असेल. तो धाक मोठ्यांसाठी असावा. मुलांच्या बाबतीत छळ झाल्यावरच्या शिक्षेपेक्षा छळ घडूच नये अशी घडी बसवणं महत्त्वाचं.

ती घडी कशी बसते याचं उत्तर फिनलंडमध्ये बऱ्याच अंशी सापडलं आहे. तुर्कू विद्यापीठातल्या क्रिस्तिना साल्मिवाल्ली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिलं की छळात दोन नाही, सगळा वर्ग सामील असतो. कोणी हात लावतो, कोणी त्याला साथ देतो, कोणी हसून चढवतो, कोणी पाठ फिरवतो, आणि थोडी मुलं आडवी येतात. हसणारे आणि पाठ फिरवणारे बदलले की छळणाऱ्याची हवा जाते, कारण त्याला वर्गात भाव हवा असतो आणि तो भाव हेच लोक देतात. या विचारावर आधारलेला ‘किवा’ हा कार्यक्रम २००९ पासून फिनलंडच्या शाळांत मोठ्या प्रमाणावर राबवला गेला. आपल्याला त्याची नक्कल करायची गरज नाही. पण मागच्या रांगेतून आकडे मोजणाऱ्यांना चार मुलांनी वळून “गप्प बस रे” म्हटलं, तर पाचवा आकडा येत नाही. असं म्हणणारी चार मुलं प्रत्येक वर्गात असतात. शिक्षकांचा कौल कुणीकडे आहे याची ती वाट पाहत असतात.

तो कौल भाषणाने कळत नाही, शाळेच्या कारभारातून कळतो. म्हणून जूनच्या आधीच काही गोष्टी कागदावर ठरायला हव्यात. ज्या तुकडीत असं मूल आहे तिचा वर्ग तळमजल्यावर. बाथरूमला नेणं, खुर्ची हलवणं, दप्तर काढणं यासाठी शाळेने नेमलेला मदतनीस. ती मित्राची मेहेरबानी नको आणि आईची हजेरीही नको. तक्रार ऐकण्यासाठी मुलाने स्वतः निवडलेली दोन मोठी माणसं, त्यांनी आठवड्यातून एकदा त्याच्यापाशी जाऊन बसायचं आणि जे कळेल ते लिहून ठेवायचं. छळ झाला तर बाक बदलायचा तो छळणाऱ्याचा. आजाराबद्दल वर्गाला काय सांगायचं, कोणत्या शब्दांत सांगायचं, की काहीच सांगायचं नाही, हे ठरवायचा अधिकार त्या मुलाचा आणि त्याच्या आईवडिलांचा. शिक्षकांना निदान एवढं माहीत हवं की ‘सकाळी बरं, दुपारी नाही’ हेही आजाराचंच रूप असतं.

पीटीचा तास मी मुद्दाम वेगळा काढतो, कारण लिंबूटिंबू होणं तिथेच सुरू होतं. या मुलाला गुणलेखक करून बाजूला बसवणं हा चपला राखण्याचाच सुधारलेला प्रकार आहे. बोचिया नावाचा खेळ आहे. खुर्चीत बसून चामड्याचे चेंडू एका पांढऱ्या चेंडूच्या जास्तीत जास्त जवळ टाकायचे किंवा घरंगळवायचे. १९८४ पासून तो पॅरालिम्पिकमध्ये आहे आणि मस्क्युलर डिस्ट्रॉफीसारखे आजार असलेल्या खेळाडूंसाठी त्यात स्वतंत्र गट आहे. त्याला मैदानही लागत नाही, वर्गातले बाक सरकवले की जागा होते. आठवड्यात एक तास सगळ्या वर्गाने खुर्च्यांवर बसून तो खेळला, तर त्या तासात हे मूल बादही होईल, हरेलही आणि कधी वर्गाला हरवेलही. मुलांमध्ये बरोबरी येते ती अशी.

“साठ मुलांच्या वर्गात एकासाठी एवढं?” हा प्रश्न उरतोच. त्याला उत्तर म्हणून एक अलीकडची गोष्ट आठवते. २०२१ च्या सुमारास एसएमए झालेल्या तान्ह्या बाळांसाठी सोळा कोटींच्या इंजेक्शनची आवाहनं महाराष्ट्रात घरोघरी पोहोचली, आणि ओळख ना पाळख अशा हजारो माणसांनी शंभर-पाचशे रुपये पाठवले. त्याच वर्षी केंद्राचं दुर्मीळ आजार धोरण आलं. पुढे मदतीची मर्यादा ५० लाखांपर्यंत वाढली, आणि ती ज्यांच्यामार्फत मिळते त्या केंद्रांत मुंबईचं केईएम रुग्णालय आहे. उपचार मिळालेली, तगलेली त्या पिढीतली मुलं आता पहिलीच्या वयाची होत आहेत. ड्यूशेनमध्येही श्वासाची आणि हृदयाची नीट काळजी घेतली तर मुलं आता तिशीपर्यंत आणि त्यापुढेही जगतात, शिकतात, नोकऱ्या करतात. एका बाळाचा श्वास चालू राहावा म्हणून सोळा कोटी उभे करणारा समाज, त्याच बाळाची तुकडी वरच्या मजल्यावरून खाली आणायला कुरकुरत असेल, तर अडचण पैशाची नाही. तुकडी खाली आणायला एक पैसाही लागत नाही.

म्हणून शेवटची गोष्ट बाकीच्या पालकांना सांगायची आहे, ज्यांची मुलं धावतात त्यांना. शाळेच्या पहिल्या पालकसभेत उभं राहून विचारा : आमच्या वर्गातल्या त्या मुलाची तुकडी खाली का नाही, त्याचा मदतनीस कुठे आहे, सहलीच्या बसचं काय ठरलं, आणि त्याला कोणी त्रास दिला तर त्याने कोणाला सांगायचं? हा प्रश्न त्या मुलाच्या आईने विचारला की शाळेला तो कृतघ्नपणा वाटतो. तुम्ही विचारलात तर तो व्यवस्थेचा प्रश्न होतो, कारण तुमच्या मुलाची जागा कोणाच्या मेहेरबानीवर नाही आणि तुम्हाला गमवायचं काही नाही. त्या मुलाची जागा तुमच्या मुलाइतकीच पक्की आहे, हे शाळेला सांगण्याची ताकद आज त्याच्या आईवडिलांपेक्षा तुमच्या हातात जास्त आहे. सभेला तुमचं मूल बरोबर असेल तर त्याला शेजारी बसवा आणि त्याच्यासमोरच विचारा.